सां-मालोचं पाणी

नारळी पौर्णिमेला मालवणच्या धक्क्यावर सगळं गाव लोटतं. आमच्या वाडीची माणसं मात्र थोडी अलीकडे, रेतीवर जमतात. वाडीचा मानाचा नारळ समुद्रात सोडण्याआधी तिथे गाऱ्हाणं घालतात, आणि ते घालायचा मान आमच्या घराकडे आहे. पूर्वी आजोबा घालत, मग बाबा घालू लागले. गाऱ्हाण्याच्या शेवटी एक रीत आहे, ती आमच्या वाडीपुरतीच. समुद्रानं नेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची आणि प्रत्येक नावाला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नाव घेतलं की तो माणूस दर्यापाशी सुखरूप आहे असं आम्ही धरून चालतो. ज्याचं नाव घेतलं नाही, तो कुठे आहे हे कुणीच सांगू शकत नाही.

माझा थोरला भाऊ लवू परदेशी समुद्रात बुडाला. बाबांनी त्याचं नाव गाऱ्हाण्यात एकदाही घेतलं नाही. "दर्यान नेल्यान तेंचा नाव घेवचा," ते म्हणाले. "दारून नेल्यान तेंचा नाय."

हे त्यांनी माझ्या वहिनीसमोर, शेवंतीसमोर म्हटलं. ती चुलीपाशी बसली होती. तिनं फक्त लाकूड आत सारलं. पुढच्या नारळी पौर्णिमेपासून ती रेतीवर यायची बंद झाली, आणि वाडीतल्या बायकांना बोलायला विषय मिळाला. मला राग लवकर येतो आणि आला की लवकर जात नाही. बाबांवरचा तो राग मी पाच वर्षं पोसला.

बाबा कोण, हे सांगायला हवं. ते मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी नेत. पण त्यांची ओळख होडीपेक्षा पाण्याच्या हिशोबाची होती. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. भरती केव्हा, सुकती केव्हा, हे बाबा घड्याळ न बघता, पंचांग न उघडता सांगत. पौर्णिमा असो की अमावास्या, दुपारी पाणी भरणार आणि सांजेला पार बाहेर जाणार, मग अष्टमीपर्यंत ते रोज थोडं थोडं पुढे सरकत उलट होणार. "तिथी सांगा, मी पाणी सांगतंय," हे त्यांचं पालुपद. लग्नाचं वऱ्हाड होडीनं न्यायचं असो की कुणाची म्हैस खाडीपार करायची असो, लोक आधी बाबांकडे येत. देवगडपासून शिरोड्यापर्यंत त्यांचा हिशोब कधी चुकला नव्हता, आणि मालवणच्या माणसाला जग त्याहून मोठं असायचं कारणही नव्हतं. लवूला त्यांनी हे चालायला लागल्यापासून शिकवलं. जेवताना विचारत, "आज कितवी? मगे पाणी खंय?" बरोबर सांगितलं तर माशाचा मधला तुकडा लवूला. मला कुणी विचारत नसे, म्हणून मी ते ऐकून ऐकून शिकले.

लवू पुढे मालबोटीवर गेला, खलाशांच्या स्वयंपाकघरात. तरुणपणी एकदा तो गोव्याकडून झिंगून आला होता. बाबांनी त्याला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी रामेश्वराच्या देवळात नेलं, पिंडीवर हात ठेवायला लावला आणि शपथ घेववली. त्यानंतर त्याला कुणी प्यालेला पाहिला नव्हता.

एकोणीसशे अठ्ठावनच्या कोजागिरीला लवू गेला, ही तार आली. पुढचं सगळं देवगडच्या सत्यवानाकडून कळलं. तो लवूबरोबर त्याच बोटीवर होता. सुट्टीवर आला तो घरी न जाता आधी आमच्याकडे आला, यात त्याचा चांगुलपणाच होता. फ्रान्समध्ये सां-मालो नावाचं बंदर आहे, तटबंदीचं जुनं शहर. तटासमोर समुद्रात एक बेट आहे. सुकतीला वाट उघडी पडते आणि माणसं चालत बेटावर जातात, सहलीला. कोजागिरीच्या दुपारी जेवणं झाल्यावर लवू म्हणाला, "सुकती आसा, त्या बेटार जावन येतंय." सत्यवान भांडी घासायला मागे राहिला. संध्याकाळी बोट सुटायची होती. लवू आला नाही. बोट त्याच्यावाचून सुटली, आणि दोन दिवसांनी बिनतारी संदेश आला की देह मिळाला, त्या गावानं पुरला.

"थंय लोक दारू पाण्यासारखी पितत," एवढं एक वाक्य सत्यवान बोलून गेला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. आलेल्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं.

बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी बोटांची पेरं मोजलीसुद्धा नाहीत. "कोजागिरी," ते म्हणाले. "पाणी दुपारीच भरलेला. जेवल्या उपरांत सांजेपर्यंत ता भायर जाता. सुकतीत, लोकांच्या चालायच्या वाटेर, मालवणचो माणूस बुडाचो नाय. शुद्धीर असलो तर."

ओसरीवरच्या सगळ्यांनी मान हलवली. हिशोब प्रत्येकाला येत होता आणि प्रत्येकाचं उत्तर तेच येत होतं. मीही मनात मोजलं होतं. माझंही तेच आलं, आणि तरी मला ते खरं वाटेना. शेवंती एकटीच काही मोजत नव्हती. "तेनी शपथ मोडूक नाय," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्यानंतर माझं लग्न झालं. माझे यजमान काशिनाथ, वालावलचे, मालबोटीवर बिनतारी यंत्राचे अधिकारी. अधिकाऱ्यांना कधीमधी घरचं माणूस बरोबर न्यायची परवानगी मिळे. त्रेसष्ट साली त्यांची बोट शेंगदाण्याची पेंड घेऊन सां-मालोला जाणार असं कळलं, तेव्हा मी त्यांच्या मागे लागले. मला तर न्याच, बाबांनाही न्या. कप्तान गोव्याचा होता आणि म्हाताऱ्या माणसांपुढे विरघळायचा. त्यानं हो म्हटलं. नाही म्हणाले ते बाबा. "माका काय बघूचा आसा थंय?"

शेवटी शेवंती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. एरवी ती सासऱ्यासमोर उंबऱ्याच्या अलीकडे येत नसे. "बाबानू, जावन येवा," ती म्हणाली. "तेंका जाळूक नाय, पुरल्यानी. मूठभर माती तरी आणा. आणि ता पाणी एकदा डोळ्यांनी बघा. तुमी सांगशात ता मी मानतलंय. मगे परत इचारूचंय नाय."

बाबांनी वळकटी बांधायला सांगितलं. त्या दिवसापासून सगळा भार बाबांच्या डोळ्यांवर आला. ते परत येऊन जे सांगतील त्यावर लवूचं नाव आणि शेवंतीचं वाडीतलं जगणं ठरणार होतं.

आयुष्यभर होडीत उभा राहिलेला माणूस मोठ्या बोटीत आडवा झाला. एडनपर्यंत त्यांनी पेजेशिवाय काही खाल्लं नाही. सुवेझच्या पुढचा समुद्र त्यांना नीट दिसलाच नाही, आणि त्या समुद्रात भरती-ओहोटी नावालाच असते. सां-मालोला आम्ही पहाटे शिरलो तेव्हा ते झोपेत होते. तिथे बोटी उघड्या समुद्रावर नांगरत नाहीत. भलंमोठं दार उघडून आतल्या कुंडात घेतात आणि दार लावून टाकतात, म्हणजे बाहेर काहीही होवो, आतलं पाणी हलत नाही. बाबांनी उठून कठड्यावरून पाहिलं, विहिरीसारखं स्थिर पाणी. "हंयचो दर्या मेलेलो आसा," ते म्हणाले.

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. हे मी जुळवून आणलं नव्हतं, बोटीच्या वाटेनंच ते जुळवलं. काशिनाथांना दिवसभराची रजा मिळाली आणि आम्ही तिघं शहरात गेलो.

कबरस्तान तटाबाहेर होतं. बोटीच्या एजंटाचा माणूस आम्हाला नेऊन सोडून गेला. लवूच्या जागेवर लाकडी क्रूस होता. मला वाटलं, आता बाबा भडकणार. पण क्रूसाच्या पायथ्याशी मातीची कुंडी होती, तिच्यात जांभळी फुलं होती, आणि माती कुणीतरी नुकतीच उकरून ओली केलेली होती. ही काळजी घेणारी कोण बाई, की बुवा, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाबांनी कुंडी जराशी बाजूला सरकवली, तांब्यातून तिळाचं पाणी सोडलं. मग ते खाली वाकून, एखाद्या झोपलेल्या पोराला उठवावं तसं बोलले.

"शपथ मोडलंस रे लवू. रामेश्वराक तोंड दाखवूक माका जागा ठेवलंस नाय."

मी तिथून उठून चालू लागले. मेलेल्या माणसाला, त्याच्या वर्षश्राद्धालाही जो बोलला नव्हता तो बाप, हजारो मैल येऊन हे सुनावतो. तोंड उघडलं असतं तर मी जन्माचं तोडलं असतं. काशिनाथ माझ्या मागून आले आणि नुसते बरोबर चालत राहिले. ते त्यांना चांगलं जमतं.

मग आम्ही शहर पाहिलं. आल्यासारखं पाहायचं म्हणून पाहिलं. खरं सांगायचं तर ते पाहण्यासारखंच आहे. समुद्रातून वर काढलेला दगडी तट, आणि तटाच्या आत उंच करड्या घरांच्या अरुंद गल्ल्या. महायुद्धात हे सगळं जळून पडलं होतं, आणि लोकांनी तेच दगड वेचून पुन्हा रचलं, असं काशिनाथ म्हणाले. मला ते आधी खरं वाटेना. पण देवळाच्या मनोऱ्याला कळस नव्हता, तो अजून बांधायचा राहिला होता. देवळात काचेच्या खिडक्यांतून निळा उजेड पडला होता. छतापासून दोरीनं एक छोटं लाकडी गलबत टांगलेलं होतं, शिडांसकट, खलाशांनी नवसाचं वाहिलेलं. बाबा त्याच्याखाली उभे राहिले. बाजूच्या कट्ट्यावर एक म्हातारी मेणबत्ती लावत होती.

"हीसुदा आमच्यातलीच," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज सकाळच्यापेक्षा मऊ होता.

जेवायला आम्ही एका गल्लीत काळसर घावणे खाल्ले. तिथे ते वेगळ्या धान्याचे करतात आणि चुलीवरून काढल्यावर चौकोनी घडी घालतात. बाबांनी एक खाल्ला आणि दुसरा मागितला. सोबत लोक सफरचंदाची आंबवलेली दारू पीत होते, मातीच्या वाट्यांतून, बायकासुद्धा. बाबांनी त्या वाट्यांकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. ते कोजागिरीचा तोच हिशोब पुन्हा मोजत होते, ते मला कळत होतं.

जेवून आम्ही तटावर चढलो. तटावरून शहराभोवती फिरता येतं. एका बाजूला घरांच्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथे समुद्रच नव्हता.

मी आधी पाहिलं. तटाच्या पायथ्यापासून लांबवर नुसती रेती, ओली, चमकणारी. मधे काळे खडक उघडे पडलेले. तटासमोर ओकाच्या जाड खोडांची ओळ रोवलेली होती, लाटांचा मार तोडायला. पुरुषभर उंचीची ती खोडं बुडापर्यंत कोरडी होती आणि वरच्या टोकापर्यंत शेवाळलेली. मचवे कुशीवर पडले होते. आणि समोर ते बेट, त्याच्याकडे जाणारी दगडी वाट, वाटेवर पोरं घेऊन चाललेली माणसं.

बाबा तटाच्या दगडावर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"काशिनाथ," ते म्हणाले. "आज अमास मां?"

"व्हय."

"आणि येळ दुपारची."

"व्हय, बाबा."

"मगे पाणी खंय गेला?"

काशिनाथांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं आयुष्य बंदराबंदराच्या भरतीच्या वेळांत गेलेलं. पण लवूबद्दलचा आमच्या ओसरीवरचा निवाडा त्यांनी कधी नीट ऐकला नव्हता. लग्नाआधीची गोष्ट, आणि आमच्या घरात ती कुणी उगाळत नसे. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना ती तेव्हा, त्या तटावर, समजली. आणि मलाही तेव्हाच समजलं.

"प्रत्येक बंदराचो येळ वेगळो असता, बाबा," ते हळू म्हणाले. "हंय अमाशेक दुपारी सुकती. भरती सांजेक."

"पुनवेक?"

"तशीच."

"कोजागिरीकय?"

काशिनाथांनी होकारार्थी मान हलवली. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तटाच्या पायऱ्या उतरू लागले. "थंय जावया," एवढंच.

आम्ही त्या वाटेनं बेटावर गेलो. दगडांवर शेवाळ होतं. बाबा अनवाणी चालत होते, वहाणा हातात धरून, जशी आमच्याकडे खाडी उतरतात तशी. बेटाच्या टोकाला एक थडगं आहे, कुणा मोठ्या माणसाचं. त्याच्यावर नाव कोरलेलं नाही. त्या माणसाची तशीच इच्छा होती म्हणे. माणसं त्याचे फोटो काढत होती. बाबांनी थडग्याकडे पाठ केली आणि गवतात बसून शहराकडे बघत राहिले. तिथून तट, मनोरा, घरांची छपरं सगळं दिसतं. लवूही बहुतेक इथेच बसला असेल. त्याला किल्ले आवडायचे.

खाली कालवं वेचणारी एक बाई टोपली उचलून निघाली. जाता जाता तिनं आमच्याकडे बघून हात हलवला, मग जोरात काहीतरी ओरडली आणि वाटेकडे बोट दाखवलं. काशिनाथ उठले. आम्ही उतरलो तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना पाणी आलेलं होतं. लाट नव्हती, आवाज नव्हता. रेतीवरून दूध उतू जावं तसं ते पसरत होतं. आम्ही पोचलो तेव्हा माझ्या साडीचा काठ भिजला होता.

वाटेच्या तोंडाशी एक पाटी होती. काशिनाथांना थोडं फ्रेंच वाचता येई. "पाणी आलं तर बेटावरच थांबा, पुन्हा ओसरेपर्यंत, असं लिहिलंय."

"तेका वाचूक येय नव्हता," बाबा म्हणाले.

आम्ही पुन्हा तटावर चढून पाहत राहिलो. वाट आधी मधून तुटली. मग दगड एकेक करून दिसेनासे झाले. त्या जागी पाणी दोन बाजूंनी येऊन मिळत होतं, आणि मिळताना घुसळत होतं. होडी चालवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही कळलं असतं की त्यात पोहणारा टिकणार नाही, अंगात जाड कोट आणि ऑक्टोबरची थंडी असताना तर नाहीच. काळी खोडं बुडत चालली. मालवणला पाणी पुरुषभर चढलं तर आम्ही मोठी भरती म्हणतो. हे घराएवढं चढत होतं.

"बघ गो विमल," बाबा म्हणाले. ते पाण्यावरून नजर काढत नव्हते. "तो हंय येवन उभो ऱ्हवलो. वाट ओली. तेना म्हटल्यान, दुपारी भरलेला, आता पाणी भायर जाता, सांजेपर्यंत वाट मोकळी. बेटार जावन निवांत बसलो. ता पाणी जाय नव्हता, येय होता. मगे वाट बुडाली. सांजेक बोट सुटतली. तेना मनात आणल्यान, असात खळग्यातला पाणी, आता कमीच होतला. म्हणान उतरलो."

मी त्यांच्या जवळ सरकले.

"तो पियाक नाय, बाय. पियालेल्या माणसाक तिथी आठवत नाय. तेका आठवली." मग ते म्हणाले, "तो माझा आयकान गेलो."

त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं. माझा पाच वर्षांचा राग शोधूनही सापडेना, आणि तो गेल्याचं मला बरंही वाटेना. रागाच्या आधारानं मी बरीच उभी होते.

संध्याकाळी पाणी तटाला टेकलं तेव्हा आम्ही पुन्हा कबरस्तानात गेलो. बाबांनी कपाळ मातीला लावलं. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग मूठभर माती पंच्यात बांधून घेतली, आणि सकाळी बाजूला सरकवलेली कुंडी पुन्हा क्रूसापाशी, होती तिथे ठेवली. "घराकडे कोण काय बोलूचा नाय," ते आम्हाला म्हणाले. "काय सांगूचा ता मी सांगतलंय."

घरी आल्यावर ते काही सांगेनात. लोक ओसरीवर येत, बाबा त्यांना तटाचं वर्णन करत. जळलेलं शहर लोकांनी कसं उभं केलं, देवळात गलबत कसं टांगलंय, घावण्यांची घडी कशी घालतात. पाण्याचं विचारलं की, "दर्या तो दर्या." शेवंतीनं तर विचारलंच नाही. ते सांगतील ते मानायचं आणि पुन्हा विचारायचं नाही, हा शब्द तिनं दिला होता, आणि ते सांगत नव्हते तरी तो पाळत होती. मातीची पुरचुंडी देवघरात ठेवलेली तिला रोज दिसत असे. मी सुट्टीला माहेरी आले की तिच्या तोंडाकडे बघू शकत नसे. मला वाटायचं, बाबा आता हे दडपणार. देवगड ते शिरोडा ज्याच्या हिशोबाची शपथ खातात त्या माणसाला, माझ्या हिशोबानं माझा मुलगा मेला, हे कसं सांगवेल? बाहेरून बघायला सोपं होतं. न सांगितलं तर नुकसान फक्त एका विधवेचं होतं, आणि तिला त्याची सवय झालेली होती.

एकच गोष्ट बदलली होती. कुणी भरतीची वेळ विचारायला आलं की बाबा म्हणत, "धक्क्यार जावन बघून ये." लोकांना वाटलं, म्हातारा थकला.

चौसष्टच्या नारळी पौर्णिमेला मी मुद्दाम मालवणला आले. दुपारी बाबा देवघरातून पुरचुंडी घेऊन बाहेर पडले आणि दारात थांबून शेवंतीला म्हणाले, "आज तुया ये." ती आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढून बायकांच्या मागे उभी राहिली. बायकांनी तिला जागा दिली, जरा जास्तच दिली.

बाबा पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. उजव्या हातात नारळ, डाव्यात ती पुरचुंडी.

"बा रामेश्वरा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां दर्याच्या पायाशी जमली आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पोटापाण्यासाठी दर्यात उतरतत, तेंका सांभाळून परत घराक आण रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग नावं. आजोबांचा भाऊ. शेजारचा बाबली, जो वादळात गेला. त्याचे दोन मुलगे. प्रत्येक नावाला 'व्हय म्हाराजा' उठत होतं, सवयीनं, एका सुरात. नेहमीचं शेवटचं नाव झालं. पोरं नारळाकडे बघू लागली.

"आणि माझो झील लवू, म्हाराजा," बाबा म्हणाले.

'व्हय' अर्धवट उठलं आणि थांबलं.

"तेना तुझी शपथ मोडूक नाय. तो शुद्धीर होतो. पाण्याचो हिशोब मी तेका शिकवलंय, ताटार बसवन शिकवलंय. थंयचा पाणी आपल्यासारखा नव्हता, ता माका म्हायत नव्हता. माझ्या हिशोबार तो चलत गेलो आणि माझ्याच हिशोबान बुडलो. मगे पाच वर्सां मी त्याच हिशोबान तेका दारुडो म्हटलंय. ह्या खरा आसा, म्हाराजा."

कुणीच काही म्हणेना. व्हय म्हणायचं म्हणजे, व्हय, तू तुझ्या मुलाला मारलंस, असं बाबांच्या तोंडावर म्हणायचं. ज्यांनी ओसरीवर मान हलवली होती ते सगळे तिथे होते. प्रत्येकाला तोच हिशोब येत होता. जमलेल्यांच्या 'व्हय'शिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही आणि नारळ सोडता येत नाही. बाबा पाण्याकडे तोंड करून थांबले.

"व्हय म्हाराजा."

बायकांच्या मागून आलं. आमच्यात बायका गाऱ्हाण्याला व्हय देत नाहीत. शेवंती पुढे आली होती. तिच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागे गेला होता आणि तिनं तो पुन्हा ओढला नाही. सासऱ्याकडे सरळ बघत तिनं ते म्हटलं होतं, ना माफ करत, ना दोष देत. खरं आहे, एवढंच. मग एका म्हाताऱ्यानं म्हटलं, मग दोघांनी, मग सगळ्यांनी.

बाबा कमरेएवढ्या पाण्यात गेले. त्यांनी पंच्याची गाठ सोडली आणि आधी माती सोडली, मग नारळ. दोन्ही थोडा वेळ त्यांच्यापाशीच घोटाळली. मग नारळ किल्ल्याच्या दिशेनं सरकू लागला. पौर्णिमा होती आणि दुपार उलटून गेली होती. लवूनं धरलं होतं तसंच, पाणी बाहेर जात होतं.